नेटवर्कवरून सुरू होणारा संगणक आणि स्मृतीचा तंटा : दोषनिदानाचा एक पाठ

हेतू

खेड्यातील शाळेच्या संगणकखोलीत बहुधा चार-सहा यंत्रे असतात व त्यांतील काही बरीच जुनी असतात. एखाद्या यंत्राची हार्ड डिस्क निकामी झालेली असते, परंतु बाकीचे अंग धडधाकट असते. असे यंत्र खोलीतील एका सर्व्हरच्या आधाराने, नेटवर्कच्या तारेवरून सुरू करता येते. जुन्या फ्लॉपीवरचे डॉसचे शैक्षणिक कार्यक्रम किंवा यंत्र तपासण्याची साधने याच रीतीने अनेक यंत्रांवर पोहोचविता येतात.

पण कित्येकदा असे घडते की यंत्र सुरू होऊ लागते, पडद्यावर स्मृतीसंबंधीचा एखादा इंग्रजी संदेश उमटतो आणि ते तेथेच थबकते. मग त्यावर ‘मेमरी खराब’ अशी चिठ्ठी लागते व ते कपाटामागे जाते. यात हानी किती होते याचा हिशेब करून पाहावा. तीस मुले, सहा यंत्रे आणि चाळीस मिनिटांची तासिका असेल तर प्रत्येक मुलास आठ मिनिटे मिळतात. एक यंत्र कमी झाले की हा वाटा सहा मिनिटे चाळीस सेकंदांवर येतो. दुसरेही गेले तर पाच मिनिटे वीस सेकंद उरतात.

अशा प्रसंगी यंत्राची स्मृती पुष्कळदा निर्दोष असते. एकाच जागेवर दोन कार्यक्रमांनी हक्क सांगितल्यामुळे तंटा झालेला असतो. तो तंटा ओळखावा कसा व मिटवावा कसा, हे दाखविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. कार्यक्रमांची व आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन अक्षरांत टंकलिखित करावयाची आहेत.

पूर्वज्ञान : यंत्र तारेवरून कसे जागे होते

नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची आज रूढ असलेली जुनी रीत पीएक्सई या नावाने ओळखली जाते. इंटेल कंपनीने तिचे २.१ हे नियमपत्रक १९९९ साली प्रसिद्ध केले. या रीतीत चार पायऱ्या असतात.

पहिल्या पायरीत यंत्राचे नेटवर्क कार्ड तारेवर हाक देऊन स्वतःसाठी पत्ता मागते. सर्व्हरवरील डीएचसीपी सेवा त्यास पत्ता देते व कोणती फाइल आणावयाची तेही सांगते. दुसऱ्या पायरीत पीएक्सलिनक्स हा छोटा कार्यक्रम यंत्रात उतरतो. तिसऱ्या पायरीत हा कार्यक्रम मेमडिस्क नावाचा दुसरा कार्यक्रम व त्याबरोबर फ्लॉपीची इमेज मागवून घेतो. इमेज म्हणजे तबकडीवरील मजकुराची बाइटागणिक उतरविलेली तंतोतंत नक्कल होय. चौथ्या पायरीत मेमडिस्क ही नक्कल यंत्राच्या स्मृतीत ठेवतो व डॉसला भासवितो की, ‘ही पाहा, यंत्रात खरोखरीची फ्लॉपी घातलेली आहे.’

१.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीची इमेज १४,७४,५६० बाइटांची असते. टीएफटीपी या वाहतुकीच्या मूळ नियमानुसार ती ५१२ बाइटांच्या पुडक्यांनी येते. म्हणजे २,८८० पुडकी लागतात. फ्लॉपीवरील विभागांची संख्याही तितकीच असते. हा भागाकार सातवीच्या मुलांकडून करवून घेण्याजोगा आहे.

या सर्वांत ध्यानी धरण्याची गोष्ट एकच. फ्लॉपी आता खाचेत नसून स्मृतीत राहावयास आली आहे. राहावयास आल्यावर तिला जागा ही लागणारच.

विषयप्रतिपादन : स्मृतीची वखार

शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली शाहूपुरी ही गुळाच्या व्यापाराची पेठ कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकांना सांगावयास नको. तेथील एखाद्या जुन्या वखारीची कल्पना करावी. दर्शनी दालनात रोजचा व्यवहार चालतो. त्यामागील भागात मालकाची तिजोरी, तराजू व दप्तर असते. तेथे कोणी माल लावावयाचा नसतो. त्याच्याही मागे मोठे आवार असून त्यात गुळाचे रवे रचून ठेवतात. आवाराचे दार वेगळे, ते उघडणारा वेगळा आणि रवे आत-बाहेर नेणारा हमाल वेगळा.

संगणकाची स्मृती हुबेहूब अशीच विभागलेली आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ या प्रक्रियकास पत्त्याच्या वीसच तारा होत्या. त्यामुळे त्यास १,०२४ किलोबाइटांपलीकडे पाहता येत नसे. त्यातील पहिले ६४० किलोबाइट कार्यक्रमांसाठी ठेवण्यात आले. हे आपले दर्शनी दालन. उरलेले ३८४ किलोबाइट पडदा, कार्डे व मूळ आज्ञावली यांच्यासाठी राखले गेले. ही मालकाची खोली. पुढे आलेल्या प्रक्रियकांना अधिक तारा मिळाल्या व एक मेगाबाइटच्या पलीकडचे आवार उपलब्ध झाले. त्या आवाराचे दार म्हणजे एकविसावी तार होय. मोजणी शून्यापासून होत असल्याने तिला ‘ए-२०’ असे म्हणतात. जुन्या कार्यक्रमांस अडचण पडू नये म्हणून १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रापासून हे दार बंद-उघड करण्याची सोय ठेवण्यात आली.

डॉस स्वतः दर्शनी दालनातच वावरते. मागील आवार वापरण्यासाठी त्यास कारभारी नेमावा लागतो. हे कारभारी म्हणजेच स्मृतीचे ड्रायव्हर. त्यांपैकी दोन मुख्य आहेत.

पहिला हायमेम. हा ए-२० चे दार उघडतो व मागील आवारातील जागा मागेल त्यास नोंदवून देतो. त्याचे नियम १९८८ साली ठरले.

दुसरा ईएमएम३८६. हा ८०३८६ व त्यापुढील प्रक्रियकांवर चालतो. मालकाच्या खोलीत जे कोपरे रिकामे दिसतात तेथे तो मागील आवारातील स्मृती बसवून दाखवितो आणि छोटे ड्रायव्हर तेथे हलवून दर्शनी दालन मोकळे करतो. त्यासाठी तो प्रक्रियकास एका देखरेखीच्या अवस्थेत नेऊन ठेवतो. हायमेम अगोदर, ईएमएम३८६ नंतर, हा क्रम मोडून चालत नाही, कारण दुसरा आपली जागा पहिल्याकडूनच मागून घेतो.

आता मेमडिस्ककडे वळू. डॉस सुरू होण्यापूर्वीच तो वखारीत शिरतो, इमेज मागील आवारात रचून ठेवतो आणि वखारीच्या नोंदवहीत लिहून ठेवतो की, ‘एवढी जागा गुंतलेली आहे.’ यापुढे कोणी ‘स्मृती किती?’ असे मूळ आज्ञावलीस विचारले की, मेमडिस्क मध्येच ते उत्तर दुरुस्त करून कमी आकडा सांगतो. शिवाय दर्शनी दालनातील काही किलोबाइट तो स्वतःसाठी ठेवतो.

डॉसने ‘फ्लॉपीवरून वाच’ असे म्हटले की इमेजमधील मजकूर मागील आवारातून पुढे आणावा लागतो. हे काम मेमडिस्क सामान्यतः मूळ आज्ञावलीतील हमालाकडून करवून घेतो. या हमालास संगणकतज्ज्ञ ‘इंट १५’ ही सेवा म्हणतात. मागाहून येणाऱ्या बहुतेक कारभाऱ्यांशी या हमालाचे चांगले जुळते, पण काहींशी त्याचे मुळीच जुळत नाही. आपला तंटा याच ठिकाणी उत्पन्न होतो.

निदानाची रीत

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिची नोंद वहीत करावी. दोन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर यंत्र मिळते पण कारण हाती लागत नाही. पुढच्या आठवड्यात दुसरे यंत्र अडले की पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

१. प्रथम स्मृतीची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य कार्यक्रम डॉसवाचून स्वतंत्रपणे चालतो. त्याची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. चूक दिसल्यास वीज तोडून स्मृतीच्या पट्ट्या काढाव्यात, पुन्हा नीट बसवाव्यात व एकेक पट्टी वेगळी तपासावी. चूक न दिसल्यास ‘मेमरी खराब’ ही चिठ्ठी काढून टाकावी व पुढे जावे.

२. हीच इमेज दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चालवून पाहावी. तेथे चालली तर इमेज निर्दोष असून पहिल्या यंत्राशी तिचे जुळत नाही. कोठेच चालली नाही तर दोष इमेजमध्ये किंवा सर्व्हरवरील आज्ञेत आहे.

३. एमएस-डॉस ६ व त्यापुढील डॉसमध्ये, तसेच फ्रीडॉसमध्ये, आरंभीचा संदेश दिसताच एफ५ ही कळ दाबली तर आरंभीच्या आज्ञा वगळल्या जातात. एवढ्याने यंत्र सुरू झाले तर दोष कॉन्फिग.सिस किंवा ऑटोएक्झेक.बॅट या फाइलींतील आहे.

४. मग एफ८ कळ दाबून आज्ञा एकेक करून चालवाव्यात. यंत्र प्रत्येक ओळीस ‘करू की नको’ असे विचारते. प्रथम फक्त हायमेमला होकार द्यावा. ते साधल्यावर पुढील खेपेस ईएमएम३८६ ला होकार द्यावा. त्यानंतर नेटवर्कचा ड्रायव्हर घ्यावा. ज्या ओळीला यंत्र थांबते ती ओळ वहीत लिहावी.

५. यंत्र सुरू झाल्यावर ‘मेम’ ही आज्ञा देऊन आकडे पाहावेत. समजा, यंत्रात १६ मेगाबाइट स्मृती आहे. एक मेगाबाइटपलीकडे १५ मेगाबाइट, म्हणजे १५,३६० किलोबाइट उरतात. त्यातून १,४४० किलोबाइटांची इमेज वजा केली की सुमारे १३,९२० राहतात. प्रत्यक्षात दिसणारा आकडा याहून थोडा कमी असेल. शिक्षकाने हा आकडा पाहून ‘स्मृती चोरीस गेली’ किंवा ‘पट्टी बिघडली’ असे म्हणू नये. त्या जागेत फ्लॉपी राहते आहे.

लक्षणे व उपाय

*पहिले लक्षण.* विंडोज एमई किंवा विंडोज एक्सपीने तयार केलेल्या आरंभ-फ्लॉपीची इमेज घेतली असता यंत्र प्रारंभीच थबकते. या फ्लॉपीवरील डॉसची रचनाच अशी आहे की, वर सांगितलेल्या हमालास हाक मारताच ते यंत्र थांबविते. येथे मेमडिस्कला ‘रॉ’ ही आज्ञा द्यावी. ती सर्व्हरवरील पीएक्सलिनक्सच्या आज्ञाफाइलीत ‘अपेंड’ या ओळीत लिहावयाची असते. मग मेमडिस्क हमालाला न बोलाविता, शक्य तेथे स्वतःच मागील आवारात जाऊन मजकूर आणतो. एवढ्याने न भागल्यास ‘बिगरॉ’ वापरून पाहावे. उलटपक्षी, इतर डॉससाठी कोणी पूर्वी ‘रॉ’ लिहून ठेवले असेल व यंत्र अडत असेल, तर ते काढून टाकावे. मेमडिस्कच्या ३.७३ या आवृत्तीपासून ‘सेफइंट’ ही रीत आपोआप लागू होते व बहुतेक ठिकाणी तीच पुरेशी ठरते. म्हणून मेमडिस्कची आवृत्ती कोणती आहे, हे प्रथम पाहावे.

*दुसरे लक्षण.* ‘ए-२० तारेवर ताबा मिळत नाही’ अशा अर्थाचा संदेश हायमेमकडून येतो. दार उघडण्याची पद्धत प्रत्येक बनावटीच्या यंत्रात सारखी नसते. हायमेमच्या ओळीपुढे ‘मशीन’ हा शब्द व एक क्रमांक लिहून पद्धत निवडून देता येते. काही यंत्रांच्या आरंभीच्या मांडणीतही ‘ए-२०’ विषयी पर्याय असतो; तोही पाहावा.

*तिसरे लक्षण.* ‘स्मृतीचा व्यवस्थापक अगोदरच हजर आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. येथे दोन कारभारी एकाच गादीवर बसू पाहत आहेत. फ्रीडॉसच्या इमेजमध्ये हे विशेषेकरून घडते. जेमएक्स या ड्रायव्हरमध्ये हायमेमचे व ईएमएम३८६ चे अशी दोन्ही कामे एकत्र केलेली आहेत. म्हणून त्याच्यापूर्वी हायमेम लावणे व्यर्थ होय. एकतर जेमएक्स एकटा ठेवावा, नाहीतर हायमेमएक्स व जेम३८६ ही जोडी ठेवावी.

*चौथे लक्षण.* हायमेमपर्यंत सर्व ठीक असते. ईएमएम३८६ लागताच यंत्र गोठते किंवा नेटवर्क बंद पडते. ईएमएम३८६ ने मालकाच्या खोलीतील जो कोपरा रिकामा समजला, तेथे वास्तविक नेटवर्क कार्डाचे दप्तर असण्याचा संभव असतो. परीक्षेसाठी ईएमएम३८६ ची ओळच काढून पाहावी. यंत्र चालू लागल्यास, व त्या कार्यक्रमास ईएमएम३८६ ची गरज नसल्यास, ती ओळ कायमची वगळावी. गरज असल्यास ‘एक्स=’ ही खूण लिहून कार्डाचा पत्ता वर्ज्य करावा; म्हणजे कारभारी त्या कोपऱ्यास हात लावणार नाही.

*पाचवे लक्षण.* डॉस उत्तम सुरू होते, पण नंतर सर्व्हरशी बोलणारा ड्रायव्हर ‘पीएक्सई सापडत नाही’ असे म्हणतो. हा स्मृतीचा तंटा नव्हे. उलट येथे स्मृती मोकळी करण्याची घाई झाली आहे. काम संपले असे समजून पीएक्सलिनक्सने नेटवर्कचा मूळ कार्यक्रम स्मृतीतून काढून टाकलेला असतो. ‘कीपपीएक्सई’ ही आज्ञा ‘अपेंड’ ओळीत लिहिल्यास तो राहतो. मात्र तो दर्शनी दालनातील जागा अडवितो. यास्तव ज्या इमेजला नेटवर्क पुढे लागत नाही, तिच्यासाठी ही आज्ञा लिहू नये.

*सहावे लक्षण.* यंत्रात २५६ मेगाबाइट असूनही जुने डॉस ६४ च दाखविते. जुन्या हायमेमची चौकशी करण्याची रीत एका सोळा बिटांच्या आकड्यावर अवलंबून असते. त्यात ६५,५३५ किलोबाइटांहून मोठी संख्या मावत नाही. हा दोष नव्हे, मर्यादा होय. जुन्या शैक्षणिक कार्यक्रमांस एवढी स्मृती विपुल आहे. भारत सरकारच्या १९८४-८५ च्या क्लास प्रकल्पात शाळांना दिलेल्या बीबीसी मायक्रो यंत्रांत स्मृती ३२ किलोबाइटच होती, आणि मुलांनी संगणकाचे पहिले धडे त्यावर गिरविले.

घ्यावयाची काळजी

इमेजमध्ये फेरफार करण्यापूर्वी तिची मूळ प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी. लिनक्सवर एमटूल्सच्या साह्याने इमेजमधील फाइल काढता व परत ठेवता येते. डॉसच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हे असतात, लिनक्सच्या फाइलीत एकच. लिनक्सवर लिहिलेली कॉन्फिग.सिस तशीच इमेजमध्ये ठेवल्यास नवाच घोटाळा उद्भवतो व दोष ड्रायव्हरच्या माथी जातो. ‘युनिक्स२डॉस’ या साधनाने ओळींचा शेवट बदलून घ्यावा.

सर्व्हरची डीएचसीपी सेवा संगणकखोलीपुरतीच मर्यादित ठेवावी. शाळेच्या कार्यालयातील इंटरनेटच्या जाळ्याला ती जोडल्यास एका तारेवर दोन पत्ता देणारे होतात व कार्यालयाचे काम अडते.

आणखी एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. ही सर्व रीत जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रांसाठी आहे. केवळ यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या नव्या यंत्रांवर मेमडिस्क व डॉस चालत नाहीत. तेथे कोणताही ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. अशा यंत्रासाठी यूईएफआयला चालणारी लिनक्सची इमेज योजावी. यंत्राच्या मांडणीत जुन्या पद्धतीचा पर्याय असेल तर मात्र तो चालू करून प्रयत्न करता येईल.

संकलन

फळ्यावर पुढीलप्रमाणे लिहावे :

इमेज स्मृतीत राहते. तिला जागा लागते.
हायमेम आधी, ईएमएम३८६ नंतर. एका कामास एकच कारभारी.
प्रथम स्मृतीची परीक्षा, मग इमेजची, मग एकेका ओळीची.
एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलाची नोंद.

उपयोजन

१. आपल्या संगणकखोलीतील प्रत्येक यंत्रासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर यंत्राची बनावट, स्मृती, बायोस की यूईएफआय, चालणाऱ्या इमेज व अडलेली ओळ असे रकाने आखावेत.

२. ८ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रात २,८८० किलोबाइटांची इमेज ठेवल्यास एक मेगाबाइटपलीकडे सुमारे किती किलोबाइट उरतील? वरच्या इयत्तेतील मुलांकडून हे उदाहरण सोडवून घ्यावे. (उत्तर : ४,२८८.)

३. एका यंत्रावर हायमेम चालतो, ईएमएम३८६ लागताच यंत्र गोठते, आणि मेमटेस्ट८६+ मध्ये चूक आढळत नाही. या यंत्रावर कोणता बदल प्रथम कराल व का, ते पाच ओळींत लिहावे.

४. ‘मेमरी खराब’ असे लिहून बाजूस ठेवलेले एखादे यंत्र शाळेत असल्यास ते बाहेर काढून वरील रीतीने तपासावे. जे यंत्र सुरू होईल, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या वाट्यास किती मिनिटे वाढली, हा हिशेब त्याच यंत्राच्या पानावर मुलांच्या हस्ताक्षरात नोंदवून घ्यावा.